देहांतील पारखी

(नभोवाणीवरील भाषण)

नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवचा कांद्याचा बाजार साऱ्या देशांत प्रसिद्ध आहे. हंगामांत सकाळच्या प्रहरीं तेथें वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. प्रत्येक वाहनांत कित्येक क्विंटल कांदा भरलेला असतो. परंतु त्यांतील एकूण एक कांदा तपासून पाहण्यास कोणासच सवड नसते. व्यापारी वाहनापाशीं येतो, चार कांदे हातांत घेतो, त्यांचा रंग पाहतो, कठीणपणा अजमावतो, आणि तेवढ्यावरून सबंध मालाची पारख करून बोली बोलतो. ह्या व्यवहाराचें स्मरण येथें करण्याचें कारण असें कीं, मनुष्याच्या देहांतहि ह्याच पद्धतीचा एक बाजार अहोरात्र चाललेला असतो. तेथील पारखी डोळ्यांत तेल घालून नमुने पाहत असतात, आणि त्यांच्या पारखीवर माणसाचें आरोग्य अवलंबून असतें. ही पारख कशी होते, ती कोठें फसते, आणि ती फसली असतां स्त्रियांच्या एका भयंकर रोगाचा उद्भव कसा होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा रोग म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत भारतांत सुमारें १,२७,००० स्त्रियांना हा रोग नव्यानें जडला, आणि सुमारें ८०,००० स्त्रिया त्यानें मृत्युमुखीं पडल्या. ज्या वयांत स्त्रीच्या खांद्यावर सगळा संसार असतो, त्याच वयांत हा रोग बहुधा डोकें वर काढतो. शिवाय त्याच्याविषयीं घरांत कोणी मोकळेपणें बोलत नाहीं. अवेळीं रक्तस्राव होतो, अंगावरून पांढरें जातें. परंतु सून ती गोष्ट सासूस सांगत नाहीं, आणि सासू मुलाजवळ काढीत नाहीं. लाजेकाजेंत असे महिने जातात, आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत रोगानें मूळ धरलेलें असतें.

ह्या रोगाच्या कारणाचा शोध फार लांबच्या वाटेनें लागला. इटलींतील व्हेरोना शहराच्या मृत्यूंच्या नोंदी चाळतांना रिगोनी-स्टर्न नांवाच्या वैद्यास असें आढळलें कीं, गर्भाशयाचा कर्करोग विवाहित स्त्रियांत पुष्कळ दिसतो, परंतु मठांत राहणाऱ्या ख्रिस्ती संन्यासिनींत तो क्वचितच दिसतो. हें निरीक्षण त्यानें १८४२ सालीं प्रसिद्ध केलें. हा रोग संसर्गानें येत असावा काय, अशी शंका त्यावरून निघाली. पण तो संसर्ग कोणाचा, हें पुढें शंभरांवर वर्षें गेलीं तरी उमगलें नाहीं. कांहीं काळ हर्पीस जातीच्या एका विषाणूवर संशय होता. जर्मनींतील हॅराल्ड त्सूर हाउझेन ह्या शास्त्रज्ञांचें मत मात्र निराळें होतें. अंगावर चामखीळ उठविणारा जो पॅपिलोमा विषाणु, त्याचेच कोणी भाऊबंद ह्या रोगास कारण असले पाहिजेत, असें ते म्हणत. १९८३ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेनें ह्या कर्करोगाच्या गांठींत त्या विषाणूचा सोळावा प्रकार शोधून काढला, आणि पुढच्याच वर्षीं अठरावा. जगांतील अशा दहा रोग्यांपैकीं सातांच्या रोगाचें मूळ ह्या दोन प्रकारांतच असतें, हें पुढें सिद्ध झालें. ह्या शोधाबद्दल त्यांना २००८ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. हा विषाणु स्त्रीपुरुषसंबंधानें पसरतो, एवढेंच ऐकून रोगी स्त्रीच्या शीलाविषयीं कुजबुज करणारीं माणसें कमी नाहींत. हा उघड अन्याय होय. हा विषाणु इतका सर्वत्र आहे कीं, संसारांत पडलेल्या बहुतेक सर्व स्त्रीपुरुषांना तो केव्हां ना केव्हां गांठतोच. पुरुषाच्या अंगीं तो बहुधा कांहींहि लक्षण न दाखवितां राहतो, आणि जिनें पतीखेरीज कोणाकडे मान वर करून पाहिलें नाहीं, अशा स्त्रीसहि त्याची बाधा होते. पडसें झालेल्या माणसाच्या शीलाची चौकशी कोणी करीत नाहीं. ती येथेंहि होतां कामा नये.

खरा प्रश्न ह्यापुढेंच आहे. विषाणु जर बहुतेकांना गांठतो, तर कर्करोग थोड्यांनाच कां होतो? दहा स्त्रियांना ह्या विषाणूची बाधा झाली, तर त्यांतील सुमारें नऊ जणींच्या देहांतून तो एकदोन वर्षांत, कांहींहि औषध न घेतां, नाहींसा होतो. पुष्कळदां तो आला केव्हां आणि गेला केव्हां, ह्याचा त्यांना पत्ताहि लागत नाहीं. दहाव्या स्त्रीच्या देहांत मात्र तो ठाण मांडून बसतो. ह्या भेदाचें कारण पाहावयाचें, तर देहांतील पारख्यांच्या बाजारांत शिरलें पाहिजे.

देहांतील बहुतेक प्रत्येक पेशी ही एक लहानशी उद्योगशाळाच असते. तिच्यांत प्रथिनें तयार होतात, आणि जुनीं झालीं म्हणजे मोडलीं जातात. मोडलेल्या प्रथिनांचे कांहीं बारीक तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर आणून मांडते. तुकडा मांडण्यासाठीं जें सूक्ष्म तबक लागतें, तेंहि एक प्रथिनच. त्यास शास्त्रांत एचएलए असें नांव आहे. टी नांवाच्या पांढऱ्या पेशी देहभर हिंडत असतात, आणि ह्या तबकांतील नमुने पाहत पुढें जातात. नमुना घरचा असला तर त्या थांबत नाहींत. तो परका, म्हणजे विषाणूच्या प्रथिनाचा असला, तर ती पेशी बाधित झाली असें समजून तिचा नाश करतात. व्यापाऱ्यास जसें वाहनाच्या तळाशीं उतरावें लागत नाहीं, तसें टी पेशीला दुसऱ्या पेशीच्या आंत शिरावें लागत नाहीं. नमुन्यावरून मालाची परीक्षा होते.

ह्या तबकांचा पहिला सुगावा फ्रान्समध्यें झाँ दोसे ह्यांना १९५८ सालीं लागला. पुढें पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल ह्यांनीं १९७४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, टी पेशी नुसता परका तुकडा ओळखीत नाहीं. आपल्या घरच्या तबकांत मांडलेला परका तुकडाच ती ओळखते. पहिल्या शोधास १९८० सालीं आणि दुसऱ्यास १९९६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां विषाणूचे डावपेंच पाहावे. माणसाच्या पेशींत जनुकें वीस हजारांच्या घरांत असतात. ह्या विषाणूजवळ आठनऊ जनुकांपलीकडे भांडवल नाहीं. परंतु तेवढ्या भांडवलावर तो मोठा धूर्तपणा करतो. पहिली गोष्ट अशी कीं, तो रक्तांत उतरत नाहीं. गर्भाशयमुखाच्या नाजूक अस्तरास पडलेल्या सूक्ष्म ओरखड्यांतून तो तळच्या थरांत शिरतो आणि तेथेंच वस्ती करतो. दुसरी गोष्ट, तो पेशीस फोडीत नाहीं. पेशी फुटली, सूज आली, ताप आला, म्हणजे पारखी धांवत येतात. येथें तसा कांहींच गलबला होत नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सोळाव्या प्रकाराच्या विषाणूचें ई-५ नांवाचें प्रथिन एचएलएचीं तबकें पेशीच्या आंतच अडवून ठेवतें. ई-७ हें दुसरें प्रथिन तुकडे तबकापर्यंत वाहून नेणाऱ्या हमालांची संख्या घटवितें. विषाणूचें जनुकद्रव्य ओळखून आरोळी ठोकणारा टोल-९ नांवाचा एक चौकीदार पेशींत असतो. त्याचाहि आवाज ई-६ व ई-७ हीं प्रथिनें दाबून टाकतात.

कोणी विचारील कीं, नमुनाच न दाखविणाऱ्या वाहनाचा संशय यावयास नको काय? तसा संशय घेणाऱ्या मारक पेशीहि देहांत आहेत. जिच्या अंगावर तबकें नाहींत अशी पेशी दिसली, कीं त्या तिच्यावर तुटून पडतात. परंतु विषाणु येथेंहि सावध असतो. ज्यांवरून टी पेशी त्याला ओळखण्याचा संभव अधिक, तीं एचएलए-ए व एचएलए-बी ह्या जातींचीं तबकें ई-५ लपवून ठेवतें. आणि जीं पाहून मारक पेशींचें समाधान होतें, तीं एचएलए-सी व एचएलए-ई ह्या जातींचीं तबकें जागच्या जागीं राहूं देतें. अशा रीतीनें दोन्ही पारख्यांची एकाच वेळीं फसवणूक होते.

पारख्यांच्या नजरेआड राहिलेला विषाणु वर्षानुवर्षें वस्ती करून राहिला, म्हणजे खरें संकट उभें राहतें. पेशीची वाढ आवरून धरणारीं पी-५३ आणि आरबी अशीं दोन प्रथिनें प्रत्येक पेशींत असतात. ई-६ पहिल्याचा नाश करवितें; ई-७ दुसऱ्यास निकामी करतें. मग लगाम तुटलेल्या घोड्याप्रमाणें पेशी वाढूं लागते, तिच्या जनुकांत चुका सांचत जातात, आणि शेवटीं त्यांतून कर्करोग उद्भवतो. ज्या स्त्रीची प्रतिकारशक्ति चांगली आहे तिच्यांत ह्या वाटचालीस बहुधा पंधरा ते वीस वर्षें लागतात. ज्यांचे पारखी दुबळे झाले आहेत, त्यांच्यांत ती पांच ते दहा वर्षांतहि पुरी होते. एचआयव्हीची बाधा असलेल्या स्त्रियांना ह्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट असतो, ही गोष्ट पारख्यांचें महत्त्व सांगण्यास पुरेशी आहे.

एचएलएच्या तबकांची घडण माणसामाणसांत निराळी असते, आणि ती आईबापांकडून येते. कांहीं विशिष्ट घडणीचीं तबकें विषाणूचा तुकडा चांगला पेलतात, कांहीं तितका पेलत नाहींत. डीआरबी१ ह्या जातीच्या तेराव्या वर्गाचें तबक असलेल्या स्त्रियांत हा कर्करोग कमी आढळतो, असें अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आलें आहे. दुसऱ्या कांहीं वर्गांच्या बाबतींत उलटा प्रकार दिसतो. परंतु हा फरक बेताचाच आहे, आणि त्यावरून कोणत्याहि एका स्त्रीचें भविष्य वर्तवितां येत नाहीं. 'जन्मतःच लिहून ठेवलेलें' असें म्हणून हात जोडून बसण्यास शास्त्राचा आधार नाहीं.

उलट, रोगाची ही मंद चाल हीच माणसाची संधि होय. देहाच्या पारख्यांच्या नजरेंतून जें सुटलें, तें माणसास वेळींच ओळखतां येईल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्राच्याच मातींत मिळालें आहे. आणि तेंहि बव्हंशीं सोलापूर व उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांच्या कोरडवाहू खेड्यांत.

सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या साह्यानें १९८७ सालीं तेथें खेड्यांतील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भारतांतील अशी ही पहिलीच नोंदवही. बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांतील ३४६ गांवें तिच्या कक्षेंत घेण्यांत आलीं. कार्यकर्ते गांवोगांवीं जात, रोग्यांची नोंद करीत, आणि रोगाचीं लक्षणें लोकांस समजावून सांगत. ह्या स्त्रियांत सर्वांत अधिक दिसणारा कर्करोग गर्भाशयमुखाचाच आहे, हें त्यांतून स्पष्ट झालें.

ह्या पायावर १९९९ च्या आक्टोबरांत उस्मानाबाद, म्हणजे हल्लींच्या धाराशिव, जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटा रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय संस्थेचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन् हे त्यांतील प्रमुख. गांवांचे ५२ गट पाडून ते चार विभागांत विनानिवड वांटून देण्यांत आले. त्यांत ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. पहिल्या विभागांत विषाणूची तपासणी झाली. दुसऱ्यांत गर्भाशयमुखावरील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यांत आल्या. तिसऱ्यांत तेथें सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहणी झाली. आणि चौथ्यांत नेहमींचीच व्यवस्था राहिली. तपासणी एकदांच करावयाची, आणि जिच्यांत दोष आढळेल तिच्यावर उपचार करावयाचे, असा बेत होता.

आठ वर्षांच्या अवधीनंतरचा हिशेब २००९ सालीं प्रसिद्ध झाला. चौथ्या विभागांतील ३१,४८८ स्त्रियांपैकीं ६४ जणी ह्या रोगानें मरण पावल्या होत्या. विषाणु-तपासणीच्या विभागांतील ३४,१२६ स्त्रियांपैकीं ३४. पुढच्या पायरीस गेलेला कर्करोग चौथ्या विभागांत ८२ जणींत आढळला, पहिल्यांत ३९ जणींत. आयुष्यांतून एकदांच केलेल्या तपासणीनें मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनीं तेवढ्या मुदतींत म्हणण्यासारखी घट झाली नाहीं. म्हणून आम्लाची तपासणी निरुपयोगी मात्र नव्हे. मुंबईच्या गरीब वस्त्यांत टाटा रुग्णालयानें तीच तपासणी दर दोन वर्षांनीं, प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून करविली, तेव्हां ह्या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले.

विषाणूच्या तपासणीस तीस वर्षांवरील स्त्रियाच कां निवडल्या, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. तरुण वयांत विषाणु पुष्कळ जणींत सांपडतो, पण तो बहुधा पाहुणा असतो; देहाचे पारखी त्याला लौकरच हांकून लावतात. तिशीनंतर जो सांपडतो, तो ठाण मांडून बसलेला असण्याचा संभव अधिक. तेव्हां ही तपासणी म्हणजे वस्तुतः पारख्यांच्या कामाचीच तपासणी होय. त्यांच्या नजरेंतून काय सुटलें, तें ती सांगते, आणि कर्करोग होण्यापूर्वीं पांचदहा वर्षें सांगते.

ह्या हिशेबांतील एक आंकडा मात्र जड अंतःकरणानें वाचावा लागतो, आणि तो चौथ्या विभागांतील ६४ स्त्रियांचा. त्या भागांत तपासणीची सोयच नव्हती, म्हणून त्या विभागांत जी व्यवस्था चालू होती तीच ठेवली, ही एक बाजू. तपासणीचा उपयोग अन्य देशांत दिसून आलेला असतां तसें करणें योग्य होतें काय, असा प्रश्न कांहीं डॉक्टरांनीं पुढें उघडपणें विचारला, ही दुसरी. वाद कोणत्याहि बाजूनें सुटो. त्या स्त्रियांचें ऋण उरतेंच, आणि त्यांच्यामुळें हातीं आलेलें ज्ञान खेड्यापाड्यांत पोहोंचविल्यावांचून तें फिटणार नाहीं.

तपासणीच्या जोडीस आतां लसहि आली आहे. ऑस्ट्रेलियांतील इयन फ्रेझर आणि जियान झाऊ ह्यांनीं १९९१ सालीं ह्या विषाणूचें नुसतें टरफल प्रयोगशाळेंत तयार केलें. त्याच्या आंत जनुकें नाहींत, म्हणून रोग करण्याची शक्ति नाहीं. पण बाहेरून तें हुबेहूब विषाणूसारखें दिसतें. असें टरफल टोंचलें असतां देहाचे पारखी तो चेहरा लक्षांत ठेवतात, आणि खरा विषाणु आला म्हणजे तो पेशींत शिरण्यापूर्वींच त्याला दारांत अडवितात. मग तबकें लपविण्याची संधीच त्याला मिळत नाहीं. ह्या तत्त्वावरील पहिली लस २००६ सालीं प्रचारांत आली. मात्र एकदां आंत शिरून बसलेल्या विषाणूस ही लस हुसकून लावूं शकत नाहीं. म्हणून ती मुलींना नऊ ते चौदा ह्या वयांतच द्यावी, आणि मोठ्या स्त्रियांनीं तपासणी करून घ्यावी, हा मार्ग ठरला आहे.

लसीच्या इतिहासांतहि बार्शी, पुणें व मुंबई हीं नांवें आहेत. दोन डोस पुरतात कीं तीन लागतात, हें पाहण्यासाठीं २००९ सालीं भारतांतील अनेक केंद्रांत एक अभ्यास सुरू झाला; हीं तीन शहरें त्यांत होतीं. दुसऱ्याच एका लसीकरण-प्रकल्पाविषयीं वाद उठल्यामुळें २०१० च्या एप्रिलांत सरकारनें ह्या अभ्यासांतीलहि टोंचणी थांबविली. तोंपर्यंत १७,७२९ मुली त्यांत आल्या होत्या, आणि त्यांतील हजारों मुलींना एकच डोस मिळून राहिला होता. संशोधकांनीं त्यांची पाहणी वर्षानुवर्षें चालू ठेवली. सोळाव्या व अठराव्या प्रकारांच्या टिकाऊ बाधेपासून त्या एका डोसानेंहि शेंकडा ९५ च्या सुमारास संरक्षण मिळतें, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. ह्या व अशा इतर पुराव्यांवरून २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें एका डोसाचा क्रमहि मान्य केला. त्याच वर्षीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक ह्या लसीस भारतांत परवानगी मिळाली.

आतां उरतें तें आचरण. स्त्रीनें तिसाव्या वर्षापासून दर पांच ते दहा वर्षांनीं विषाणूची तपासणी करून घ्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तपासणीचा नमुना आतां स्त्रीस स्वतःच्या हातानेंहि घेतां येतो. त्यामुळें संकोचाचें कारण पुष्कळ कमी झालें आहे. दोष वेळीं सांपडला, तर तेवढा भाग गोठवून, उष्णतेनें जाळून अथवा कापून काढतां येतो, आणि बहुतेक स्त्रिया त्याच दिवशीं घरीं परत जातात. पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर रक्त दिसणें, दोन पाळ्यांच्या मध्यें रक्त जाणें, अंगावरून दुर्गंधियुक्त स्राव जाणें, हीं लक्षणें असतां मात्र तपासणीच्या वर्षाची वाट न पाहतां त्वरित डॉक्टरकडे जावें. महाराष्ट्राचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिक येथें आहे, आणि राज्यांतील डॉक्टर व परिचारिका त्याच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. त्यांनीं ही माहिती आपल्या पहिल्या नेमणुकीच्या गांवीं बरोबर नेली, तरी पुष्कळ कार्य होईल.

निफाड-लासलगांवच्या बाजूस कांदाचाळींपुढें बायका रांगेनें बसून कांदा निवडीत असतात. सडका कांदा वेळीं वेगळा काढला नाहीं, तर सारी चाळ नासते, हें त्यांना कोणी शिकवावें लागत नाहीं. वरून चांगला दिसणारा कांदाहि त्या दाबून पाहतात. दुसऱ्याच्या मालाची एवढी काळजी वाहणाऱ्या ह्या बायकांपैकीं कितीजणींची स्वतःची तपासणी एकदां तरी झाली असेल, हें प्रत्येक घरानें आपल्या मनास विचारावें. देहाच्या पारख्यांकडून चूक झाली तर ती सुधारण्यास दहापंधरा वर्षांची मुदत मिळते. ती मुदत लाजेंत घालविणें ही चूक मात्र घरांतल्या माणसांची होय.